नकार कोणाचा होता: टॅम्पिनीसमधले चार दिवस

बॅगेत ज्वारीचं पीठ होतं, ताईसाठी शेंगदाण्याच्या चटणीची दोन पाकिटं होती आणि चाळीस पानांचं एक बाड होतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कस्टमच्या बाईंनी पिठाची पिशवी दाबून पाहिली, वास घेतला आणि परत दिली. बाड मात्र त्यांनी उघडलं. देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, हे काय आहे.

"इतिहासाची पुस्तिका आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

"धार्मिक?"

"नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाची बॅग ओढली.

मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. आमच्या घरात ज्या तऱ्हेच्या कागदांसाठी माणसं तुरुंगात गेली, ते इथे पिठापेक्षाही निरुपद्रवी ठरले होते.

पुस्तिकेचं नाव 'मदत की मालकी?'. लिहिणारे माझे वडील, अण्णा. ते इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे कारागीर. पाळी संपली की युनियनच्या ऑफिसातल्या माळ्यावर त्यांचं अभ्यासमंडळ भरायचं, आणि तिथेच तीस वर्षांपूर्वी ही पुस्तिका तयार झाली. विषय असा: दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अमेरिकेने उद्ध्वस्त युरोपला उभं करण्यासाठी मोठी आर्थिक मदत देऊ केली. त्यासाठीच्या पॅरिसच्या परिषदेचं आमंत्रण सगळ्या युरोपला होतं. सोव्हिएत युनियनने ते नाकारलं आणि पूर्व युरोपातल्या देशांनीही. पोटाला अन्न नसताना त्यांनी नाही का म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर अण्णांनी चाळीस पानांत दिलं होतं. मी वाचायला शिकले ती जवळजवळ याच पानांवर. इतर मुलींना गोष्टी पाठ असतात, तशी मला पॅरिसची परिषद पाठ होती.

या जुलैमध्ये त्या नकाराला साठ वर्षं होणार, म्हणून मंडळाने नवी आवृत्ती काढायची ठरवली. अण्णांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, तेव्हा काम माझ्याकडे आलं. सोमवारी छापखान्यात छपाईच्या प्लेट निघणार होत्या. रविवारपर्यंत मी फोनवर शेवटचा होकार द्यायचा होता. ताईचं पाच वर्षांचं आमंत्रण नेमकं याच आठवड्यात मी स्वीकारलं, कारण भाचीला सुट्टी होती आणि तिकीट ताईने आधीच काढून ठेवलं होतं.

गुरुवार, टॅम्पिनीस

ताईचं घर नवव्या मजल्यावर आहे. खाली खांबांवर उभी असलेली मोकळी जागा, तिथे दगडी टेबलांवर म्हातारे पटावरचा खेळ खेळत बसलेले. वर प्रत्येक मजल्यावर एकच लांब गॅलरी, सगळ्यांची दारं तिच्यात उघडणारी, दारासमोर चपला आणि तुळशीपासून ऑर्किडपर्यंत सगळं. हे सगळे फ्लॅट सरकारने बांधलेले आहेत. देशातली बहुतेक माणसं अशाच घरांत राहतात, हे ऐकून मी ताईला दोनदा विचारलं, खरंच का. कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या बघत वाढलेल्या माणसाला ती रांगेतली स्वच्छ दारं बघून काय वाटतं, ते ज्यांनी तशा खोल्या बघितल्या आहेत त्यांनाच कळेल.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पुण्याचे. पाया लेबारला एका बँकेत हिशेब तपासतात. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी बाड उचललं, नाव वाचलं आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "या देशाने बाहेरच्यांना नाही म्हटलं असतं ना, तर इथे आज चिखल असता."

"दाजी, यांनी दार उघडलं, पण घर दुसऱ्याच्या नावावर केलं नाही. इथली बहुतेक जमीन सरकारची आहे. तुम्ही बसलाय तो फ्लॅटसुद्धा सरकारने बांधलाय."

"म्हणजे मी समाजवादात राहतो म्हणायचं का?"

"थोडासा."

"बरं झालं सांगितलंस. आठ वर्षं राहतोय, कुणी बोललं नाही."

ताई हसली. भाची इरा आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत देते. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मावशी, डोन्ट फाइट लाह. डॅडी ऑल्वेज लाइक धिस."

जेवणानंतर मी दाजींना पुस्तिका वाचून दाखवायला बसले. त्याला कारण होतं. आमच्या मंडळाचा एक नियम आहे, अण्णांनीच घातलेला: कुठलीही पुस्तिका छापायच्या आधी ती अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची, ज्याला ती पटणार नाही आणि ज्याला आपली भीड नाही. इचलकरंजीत हे काम वर्षानुवर्षं देशपांडे मास्तरांकडे होतं. ते शाखेत जाणारे. दर पानाला "चूक" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यांच्यामुळे आमच्या पुस्तिकांतल्या किती चुका टळल्या त्याची गणती नाही. नव्या आवृत्तीसाठी मला मास्तरांच्या जागी कुणीतरी हवं होतं.

दाजी सातव्या पानावर झोपले.

शुक्रवार, जुरोंग ईस्ट

ताईने मला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, पश्चिमेला नेलं, मॉल दाखवायला. मॉल मी पाहिले. लक्षात राहिला तो बाहेरचा सिग्नल. तिथे एक लॉरी थांबली होती आणि मागच्या उघड्या हौद्यात वीसेक माणसं खाली बसली होती, पायात बूट, मांडीवर हेल्मेट, डोक्यावर ऊन. मी फुटपाथवरून हिंदीत विचारलं, कुठले. एकाने मान हलवली, हिंदी नाही. दुसरा म्हणाला, "तंजावूर." मग त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "टूरिस्ट?" मी हो म्हणेपर्यंत लॉरी गेली.

"यांना रोज असंच नेतात?" मी ताईला विचारलं.

"रोज."

"आणि बाजूच्या गाड्यांतली माणसं काही म्हणत नाहीत?"

"बघायची सवय होते, मुक्ता," ताई म्हणाली. तिच्या आवाजात बढाई नव्हती, लाजही नव्हती. असलीच तर थकवा होता. ज्या देशात सरकार एवढ्या लोकांना पक्कं घर देतं, तिथे ते घर बांधणारा सामानासारखा वाहून नेला जातो. हे मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. टॅम्पिनीसच्या गॅलरीचं कौतुक मी मागे घेत नाही. पण त्या गॅलरीची हकीकत या लॉरीशिवाय सांगितली, तर ती अर्धीच ठरेल.

परत येताना ताई म्हणाली, "तुला भांडायला माणूस हवाय ना? आमच्या मजल्यावर यारो अंकल आहेत. चेकोस्लोव्हाकियाचे. तुझ्या पुस्तिकेत तो देश आहे का?"

तो बाविसाव्या पानावर होता.

शनिवार, ब्लॉकखालचं कॉफी शॉप

यारो अंकल एकाहत्तर वर्षांचे. पूर्ण नाव यारोस्लाव, पण इथे कुणाही वडीलधाऱ्याला अंकल म्हणतात. उंच, खांदे थोडे वाकलेले, पायात रबरी चपला. १९६८ मध्ये देश सोडला, बोटीवर काम केलं, मग जुरोंगच्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून राहिले. इथल्याच एका चिनी बाईंशी लग्न केलं, त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. इंग्रजी पूर्ण इथलं, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावणारं.

सकाळी नऊला त्यांनी माझ्यासाठी बिनदुधाची कॉफी मागवली, जिला इथे कोपी-ओ म्हणतात, आणि अंड्याचा गोड मुरंबा लावलेला भाजका पाव. कॉफी जळकी आणि गोड, आपल्या उकळलेल्या चहाच्या नात्यातली. मी इचलकरंजीची म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"तिथे माग आहेत."

"घरोघरी. माझे वडील जॉबर होते."

"म्हणजे ते मागाचा आवाज ऐकून सांगतात, काय बिघडलंय."

"हो."

"मग वाच. अशा माणसाने लिहिलेलं ऐकायला माझी हरकत नाही."

मी एकेक परिच्छेद इंग्रजीत करत वाचत गेले. कारणं सगळी तिथे होती. मदत घेणाऱ्या देशांना आपलं उत्पादन, साठे आणि गरजा सगळ्यांपुढे मांडाव्या लागणार होत्या आणि खर्चाची योजना एकत्र बसून ठरणार होती. ज्यांची सगळी अर्थव्यवस्था स्वतःच्या योजनेवर चालते त्यांच्यासाठी ही किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्यासारखी गोष्ट होती. माल मुख्यतः अमेरिकेचा येणार होता, आणि त्याच्यामागून बाजार. त्याच वर्षी अमेरिकेने साम्यवाद रोखणं हे आपलं धोरण म्हणून जाहीर केलं होतं, त्यामुळे एका हातात धान्य आणि दुसऱ्या हातात काय आहे हे दिसत होतं. आणि सर्वांत दुखरं कारण: या योजनेत जर्मनीचे कारखाने पुन्हा उभे राहणार होते, युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना.

इथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, आता वाद होणार.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या मामाला जर्मनांनी मारलं. त्यांच्या धुराड्यांतून पुन्हा धूर निघतोय हे माझ्या आईला कुणी सांगू शकलं नसतं. पुढे वाच."

मी बाविसावं पान वाचलं. पूर्व युरोपातल्या सरकारांनी आणि जनतेने ही मदत एकमुखाने धुडकावली, असं ते वाक्य आहे. लहानपणी ते वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"हे खोटं आहे लाह," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. खरं तर माझ्याकडे बघितलंही नाही, पावाचे कण बोटाने गोळा करत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. ते अकरा वर्षांचे होते. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड असलेले. त्या जुलैमध्ये त्यांच्या सरकारने जाहीर केलं की आम्ही पॅरिसला जाणार. पक्षाचे मंत्रीसुद्धा त्या निर्णयात होते. वर्कशॉपमध्ये सभा झाली, स्वागताचा ठराव आला, सगळ्यांनी हात वर केले. यारो वडिलांचा डबा घेऊन गेले होते, खिडकीतून बघत होते. मग मंत्री मॉस्कोला गेले. थोड्याच दिवसांत रेडिओवर आलं की आम्ही जाणार नाही. पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा सगळ्यांचे हात वर.

"मी वडिलांचा हात दोन्ही वेळा बघितला. घरी जाताना विचारलं, बाबा, यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, शेजारच्याचा हात वर गेला म्हणून माझा गेला. मग म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. मी पहिल्यांदा आज सांगतोय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला शिकवलंय ते उत्तर द्यायला.

"मॉस्कोची भीती खरी होती," मी म्हणाले. "एका पिढीत दोनदा पश्चिमेकडून सैन्य त्यांच्यावर चालून आलं. गावंच्या गावं जळाली. शेजारचे देश अमेरिकेच्या पैशावर गेले असते तर तिसऱ्यांदा वाट मोकळी झाली असती."

"हो."

"मग?"

"ती मॉस्कोची कारणं झाली. चांगली असतील. तू ती माझ्या बापाच्या तोंडी घातलीस."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी बशीत कॉफी ओतून पीत होतं. यारो अंकलच पुढे बोलले.

"त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. बटाटे अक्रोडाएवढे. मग रशियातून धान्य आलं, गाड्या भरभरून, डब्यांवर फलक लावलेले. आम्ही ते खाल्लं. त्या पावाबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्याने माझी बहीण जगली. पण शाळेत रोज उठून आभार मानावे लागायचे. तुझ्या वडिलांना विचार, त्यांच्या पुस्तिकेच्या नावात जो प्रश्न आहे, तो या धान्यालाही विचारायचा की नाही?"

रविवार

सकाळी मी अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडे साडेसात वाजले होते. यारो अंकल काय म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटत होतं अण्णा चिडतील, पुरावा मागतील, म्हणतील की देश सोडून गेलेल्या माणसाचं काय ऐकतेस.

"माहीत होतं," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, लाइन खराब आहे.

"काय माहीत होतं?"

"चेकोस्लोव्हाकियाचं. पोलंडचं पण. त्यांनाही जायचं होतं. पहिल्या मसुद्यात दोन ओळी होत्या त्याच्यावर. मंडळात एक अख्खी संध्याकाळ चर्चा झाली. आणीबाणी नुकती संपलेली, आपली माणसं तुरुंगातून आलेली, आपसात फूट पडलेली. सगळे म्हणाले, विरोधक या दोनच ओळी उचलतील आणि उरलेली पानं कुणी वाचणार नाही. गाळल्या."

"आणि देशपांडे मास्तरांना वाचून दाखवलंत तेव्हा?"

"गाळल्यावर वाचून दाखवलं."

मी ताईच्या स्वयंपाकघरात उभी होते. ताईने गॅस बंद केला आणि इराला बाहेर नेलं. जो नियम मी लहानपणापासून लोकांना अभिमानाने सांगत आले, तो पहिल्यांदा कुठे मोडला ते मला समजलं होतं. मास्तर चहा पिऊन "चूक" म्हणून गेले असतील. पण जिथे चूक होती ती जागा आधीच पुसलेली होती.

"या वाक्यासकट मी छापायला हो म्हणणार नाही," मी म्हणाले.

"चार दिवसांत सिंगापूरची हवा लागली काय गं तुला?"

"हवा नाही, अण्णा. नियम तुमचाच आहे."

"तीस वर्षं लोकांनी ती वाचली. माणसं तिच्यामुळे संघटनेत आली. आता त्यांना काय सांगू?"

"मी त्यातलीच एक आहे. मला काय सांगताय?"

पलीकडे लांबून कुठल्यातरी मागाचा खडखडाट ऐकू येत होता. रविवारीही कुणाची तरी पाळी असतेच. मला वाटलं, अण्णा फोन ठेवतील. ठेवला असता तर सोमवारी जुनंच वाक्य छापलं गेलं असतं, कारण छापखान्याने त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन काही केलं नसतं. आणि मग मी त्या घरात कुठल्या तोंडाने बसले असते, ते मला सांगता येत नाही.

"म्हातारा काम काय करायचा?" अण्णांनी विचारलं.

"फिटर. मागांचा."

"आणि त्याचा बाप रेल्वेत."

"वर्कशॉपमध्ये."

"दोन्ही वेळा हात वर केला म्हणालीस."

"हो."

मग ते म्हणाले, "कागद घे."

मी इराच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडलं. अण्णा सावकाश सांगत गेले, जसे ते मंडळात सांगतात, स्वल्पविरामासकट. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने आधी होकार दिला होता. पोलंडचीही इच्छा होती. मॉस्कोने नको म्हटल्यावर दोघांनी नकार कळवला. मदतीमागचा अमेरिकेचा हेतू आम्ही सांगितला आहे, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. सोव्हिएत युनियनची भीतीही खरी होती. पण तिथल्या जनतेचा नकार म्हणून जो सांगितला गेला, तो जनतेला विचारून दिलेला नव्हता.

"झालं?" मी विचारलं.

"नाही. पुढे लिही. पहिल्या आवृत्तीच्या वेळी ही गोष्ट मंडळाला माहीत होती. ती गाळायचा ठराव झाला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. त्यात लेखकाचाही होता."

"लेखक एवढंच लिहू, की नाव घालू?"

"हात माझा होता. नाव दुसऱ्या कुणाचं घालशील?"

ताईच्या कॉम्प्युटरवर मराठी फाँट नव्हता. त्यामुळे छापखान्यातल्या सचिनला फोन करून मजकूर तोंडी सांगावा लागला. त्याने दोन ठिकाणी शब्द पुन्हा विचारले. सगळं टाइप झाल्यावर म्हणाला, "मुक्ताताई, हे चौकटीत घेऊ का शेवटच्या पानावर, बारीक टायपात? पानं हलणार नाहीत."

"नको. बाविसाव्या पानावर, चालू मजकुरात. त्याच टायपात."

"मग पुढची सगळी पानं हलतील."

मी म्हटलं, हलू देत.